सप्टेंबरातली तिकिटं

सप्टेंबरात क्रूझची तिकिटं अर्ध्या किमतीला मिळतात.
का मिळतात, ते आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल.
तरी आल्सीदनं काढली, खिडकीवाली खोली, चौघांची,
गेल्या वर्षीच्या वादळाच्या पैशांतून.
तो छपरं शाकारतो.
लोकांची उडतात तेव्हा आमचं भागतं.
हे वाक्य आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

नणंद म्हणाली, 'मी नाही येत बाई,
सप्टेंबरात समुद्रावर जायला मला काय खूळ लागलंय?
मी घराकडे बघते. आणि कुत्र्याकडे.'

तिसऱ्या दिवशी, युकातानच्या अलीकडे कुठेतरी,
कप्तानानं भोंग्यावरून वादळाचं नाव सांगितलं
तर ते तिचंच.
डेल्फीन.
पोरं खिदळली. आल्सीद म्हणाला,
'येत नाही म्हणाली, आणि आलीच बघ पाठोपाठ!'

पण ती आमच्या पाठोपाठ येत नव्हती.
जेवणघराबाहेरच्या टीव्हीवर एक पांढरी भिंगरी,
तिच्यापुढे सुपासारखा पसरत गेलेला डाग,
आणि सुपाच्या तोंडाशी लुइझियाना, आमचा रस्ता,
आमची टपालपेटी.

जहाज वळलं. दक्षिणेकडे, सावकाश,
ओळखीचा माणूस दिसल्यावर फुटपाथ बदलावा तसं.
जहाजाला जमतं ते.

तरणतलावावर जाळं टाकलं, तरी आतलं पाणी
परातीतल्या पाण्यासारखं हिंदकळत राहिलं.
नोएलीला ओकाऱ्या.
आमच्या खोलीचा एल्विन हिरवी सफरचंदं घेऊन आला,
'हे चावत राहा, आणि दूरची रेघ बघत राहा.'
दूरची रेघ वरखाली होत होती.

मग घोषणा: गॅल्व्हेस्टन बंदर बंद.
दोन दिवस जास्तीचे, फुकट.
आइस्क्रीम रात्रभर.
टाळ्या वाजल्या. आमच्याही.
हात आधी वाजले, मन मागून पोचलं.

आल्सीदनं वीस डॉलर भरून इंटरनेट घेतलं.
त्रेचाळीस निरोप.
'माझं छप्पर कधी बघतोस?'
'आधी माझ्याकडे ये, मी जुना गिऱ्हाईक.'
वादळ अजून गावातून गेलंही नव्हतं.
बहिणीचा एकही नाही.
तो कागदी रुमालावर यादी करत बसला,
नाव, रस्ता, अंदाजे किती पत्रे.
सगळ्यात खाली आमचं घर लिहिलं.
खोडलं.
मग सगळ्यात वर लिहिलं, आणि रुमाल फाटला तिथे.

सहाव्या रात्री मी एल्विनला पहिल्यांदा विचारलं,
तुझं घर कुठे?
'रोआतान. बेट आहे, होंडुरासचं.'
टॉवेलचा हत्ती करत होता तो, थेओसाठी.
'ती आधी आमच्याकडेच होती, मॅडम. चार दिवस नुसता पाऊस.
तेव्हा तिला नाव नव्हतं, नुसता नंबर होता.
नंबरांच्या बातम्या होत नाहीत.'
घर?
'डोंगर अंगणात उतरलाय. तीन भिंती आहेत.'
सोंडेची घडी नीट दाबली,
कागदाचे डोळे चिकटवले, एक जरा वर, एक जरा खाली,
आणि गुड नाइट म्हणून दार अलगद ओढून घेतलं.

मला त्या रात्री काहीतरी म्हणायचं होतं.
काय, ते अजून ठरलेलं नाही.
टीपचं पाकीट दुप्पट केलं, आणि लाज वाटली,
तिप्पट केलं असतं तरी वाटलीच असती.

बंदर उघडलं. गाडी होती तिथेच होती,
काचेवर मीठ.
वाटेत ब्युमाँटच्या अलीकडे फोन वाजला.
नणंद.
'कुत्रा ठीक आहे,' म्हणाली.
मग बराच वेळ नुसता श्वास, आणि मागे कुणाची तरी करवत.
'येताना ताडपत्री आणा. निळी.
इथली संपली.'
'किती?' आल्सीदनं विचारलं, धंद्यातल्या आवाजात.
ती म्हणाली, 'तू किती आणू शकतोस?'

मागच्या सीटवर थेओ झोपला होता.
त्याच्या जॅकेटमधून टॉवेलची सोंड बाहेर आलेली.
जहाजाचा टॉवेल, चोरलेला.
मी बघितलं, आणि सोंड आत सारली.