एक गुंठा

कुपवाडच्या कारखान्यानं शटर ओढलं
तेव्हा अण्णांच्या हिशेबात निघाली एकोणीस वर्षं
आणि टेम्पोत बेचाळीस पोती.
रोकड नाही, मालक म्हणाले,
माल घेऊन जा चौगुले.

माल म्हणजे विटा. पोरांच्या खेळातल्या.
वर आठ गुंड्या, खाली पोकळ.
एकोणीस वर्षं साच्यातून गरम गरम काढल्या त्यांनी,
एकीवर दुसरी कधी ठेवली नव्हती.

दोन खोल्यांत पोतीच पोती.
आम्ही पोत्यांवर जेवलो, पोत्यांवर निजलो.
रात्री कुणी कूस बदलली
की खालून कुणी डाळ पाखडतंय असं वाटायचं.

मग एका रविवारी अण्णांनी
सायकलच्या कॅरेजला पोतं बांधलं
आणि माधवनगरला गेले.

तिथं आमची एक गुंठा जागा.
नऊ वर्षांपूर्वी आईनं फक्कीनं त्यावर घर आखलेलं.
फक्की कधीच वाहून गेली होती,
पण आई डोळे मिटून सांगायची :
इथं ओटा, इथं मोरी,
खिडकी पूर्वेला, मालगाडी दिसेल अशी.

पहिल्या आठवड्यात भिंत तीनदा कोसळली.
शेजारचे इमाम नदाफ, हाडाचे गवंडी,
हसायला म्हणून आले आणि उकिडवे बसले.
"सांधा मोडा अण्णा, सांधा.
सांध्यावर सांधा आला की भिंत रुसती."
मग घरी जाऊन ओळंबा घेऊन आले.
शिसं भिंतीजवळ थोडं हललं, थांबलं.
"माझ्या हातनं इतकी सरळ न्हाई उठली कधी,"
असं म्हणाले, आणि त्या दिवशी
चहा न घेता गेले.

लाल विटा कमरेशी संपल्या.
पुढं पिवळ्या, खिडकीभोवती हिरव्या.
नांद्र्याकडची माणसं गाडी थांबवून विचारायची,
"काय, आइस्क्रीमचं दुकान हाय का?"
आई रोज संध्याकाळी
कळशीभर पाणी मारायची भिंतीवर.
अगं, प्लॅस्टिकला कसलं पाणी?
"नवी भिंत आहे," एवढंच.

ओट्याला सबंध दिवस गेला.
आई पोळपाट घेऊन उभी,
अण्णा गुडघ्यांवर, एकेक थर चढवत.
आता?
अजून एक.
आता?
तिनं पीठ नसलेली पोळी लाटली,
खांदे जरा सैल सोडले,
पुन्हा लाटली.
बास.

त्यानंतर अण्णा दारातून आत गेले, न वाकता.
बाहेर आले. पुन्हा आत गेले.
मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो,
मला लाज वाटली, दुसरीकडं बघत राहिलो.

छत झालं नाही.
एप्रिलमध्ये पश्चिमेची भिंत उन्हानं पोट काढून उभी राहिली.
इमामचाचांनी ओळंबा सोडला,
गुंडाळला, खिशात घातला.
कुणी काही विचारलं नाही.

उतरवायला चार दिवस लागले. नखं गेली.
मिरजेच्या खेळणीवाल्यानं किलोवर घेतल्या सगळ्या,
त्यातून माझी आयटीआयची फी निघाली.
जागा तर पुढं बहिणीच्या लग्नात गेली.

आता विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही.
काळा ग्रॅनाइटचा ओटा, चकचकीत.
पहिल्या सकाळी आईनं त्यावर हात ठेवला,
पोळपाट मांडला, आणि म्हणाली,
सात विटांनी उंच आहे.

अण्णा पेपर वाचत होते.
दुपारी सुताराकडं गेले,
हिला उभं राहायला पाट हवाय म्हणाले.
किती उंच?
अण्णांनी दोन बोटांत हवा धरली,
तिच्यावर हवा ठेवली,
पुन्हा तिच्यावर,
आणि सुतार पेन्सिल कानाला लावून
बघत राहिला.