सातव्यापासून अकरा

शुक्रवार पेठेत, मंडईच्या मागच्या अंगाला
आमची पतसंस्था. पहिला मजला, जिन्याला कठड्याऐवजी दोरी.
नऊ हजार सहाशे खातेदार एकाच रकान्यात:
आडनाव, नाव, वडील किंवा नवरा,
एका डब्यात कोंबलेले.
एकतीस मार्चच्या आत तीन रकाने करून द्या,
असं वरून आलंय.

तन्वीर बागवान, वय तेवीस,
माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला,
मॅडम, आधी मोकळी जागा शोधायची.
मी म्हटलं, पुण्यात?
तो हसला नाही.
तीन महिने खोली शोधतोय तो. फोनवर खोली असते,
आडनाव सांगितलं की
कालच गेलेली असते.

फाइंड, कंस, अवतरणात एक स्पेस, स्वल्पविराम, ए-दोन.
उत्तर आकड्यात येतं: सहा.
म्हणजे सहाव्या घरात काही नाही,
आणि ते नसणंच आपल्याला हवंय.
दुसरी जागा हवी तर
पहिलीच्या पुढे एक पाऊल टाकून
तिथून शोधायला सांगायचं,
नाहीतर एकेरी रस्त्यांत अडकलेल्या रिक्षासारखं
ते पुन्हा पहिल्याच चौकात येतं.

इंग्रजीत म्हणे फाइंडला थोरला ए निराळा, धाकटा निराळा,
सर्चला दोघे सारखेच.
आपल्या अक्षरांत लहानमोठं नसतं, मी म्हटलं.
ऱ्हस्वदीर्घ असतं, पलीकडून आगाशे म्हणाले
आणि पंधरा मिनिटं म्हणतच राहिले.

काही नावांत दोन जागा शेजारी शेजारी.
टाइप करणारा तिथं चहाला उठला असेल,
किंवा सांगणारी
नवऱ्याच्या नावाआधी थांबली असेल.
ट्रिमनं ते जातं, तन्वीर म्हणाला.
गेलं.

मग माझीच ओळ आली. कर्मचारी ठेव, दोनशे चौदा.
खळदकर विद्युल्लता अरविंद.
बाबांनी पाटीवर शिकवलं होतं: वि, द्यु, ल्ल, ता.
चार अक्षरांची मुलगी.
यंत्र मोजतं अकरा.
वेलांटी वेगळी, उकार वेगळा, काना वेगळा,
पाय मोडल्याची खूण वेगळी, तीही दोनदा.
पहिली जागा सहावी, दुसरी अठरावी.
अरविंद दिवाळीपासून बाणेरला राहतो,
त्याची सहा घरं अजून माझ्या ओळीत आहेत.
मिड, कंस, ए-दोनशे चौदा, सात, अकरा.
एंटर दाबलं
आणि शेजारच्या रकान्यात मी एकटी येऊन उभी राहिले.
जरा वेळ बघत बसले.
तन्वीरनं स्टेपलर उगाच उघडला, मिटला.

चार हजार एकशे सतराव्या ओळीला यंत्र अडलं.
व्हॅल्यू एरर.
सारजा. एवढंच. पिग्मी खातं, रोज वीस रुपये,
हप्ता एकदाही चुकलेला नाही.
जागाच नाही नावात, शोधणार काय?
इफ-एरर लावून टिंब टाकू, तन्वीर म्हणाला.
रिकामं ठेवलं तर वरचं सॉफ्टवेअर घेत नाही.

चारच्या सुमाराला ती स्वतःच आली,
कोथिंबिरीच्या ओल्या हातांनी पासबुक धरून.
मी विचारलं, मावशी, पूर्ण नाव काय लिहू?
ती म्हणाली, ह्येच की. आख्खं हाय त्ये.
मागं-पुढं?
मागं-पुढं कुणी न्हाई.
आन् तू मधी काय हुडकतीस?

मी टिंब टाकलं नाही.
साहेबांना सांगितलं, ही ओळ परत येईल,
येऊ दे.
तेवढ्यात तन्वीरचा फोन वाजला,
तो जिन्यात जाऊन बोलायला लागला,
दोरीला धरून,
नाव सांगण्याआधी किंचित थांबून.