सत्त्याण्णव पुडे

फडावर मी मुन्शी. कोरचीच्या पलीकडे,
वैशाखात, महिना-सव्वा महिना.
सत्तर तेंदूपानांचा एक पुडा,
उन्हात या कुशीवरून त्या कुशीवर वाळवायचा,
आणि वहीत फक्त आकडा लिहायचा.

मला दहाच्या ओळी आवडतात.
नुसतं चालत गेलं की डोळाच मोजतो.
दहात न बसणारे दोन-तीन पुडे
मी 'फुटके' या रकान्यात टाकायचो.
कोणी काही बोलायचं नाही.
असे सात हंगाम टाकले.

जैवंताबाई कुमरेची मैनी
आश्रमशाळेला सुट्टी म्हणून आईसोबत यायची.
शाळेच्या पटावर नाव,
आणि डोक्यात वेगळेच पट: साताचे, तेराचे.
मंगळवारी त्यांचे एक्क्याण्णव झाले.
मी म्हटलं, नव्वद. एक फुटका.
ती म्हणाली, "दहाच कायले जी? सातानं लावून पाहा."
लावलेही तिनेच. माझ्या हातातली काडी घेऊन
मातीत रेघ मारली, सात ओळी, तेरा-तेरा.
चौकट अशी बंद झाली
की एकही कोपरा रिकामा दिसेना.
एक्क्याण्णव दिसतो आडमुठा, निघतो मनमिळाऊ.

पाचवीत गुरुजी म्हणायचे, अवयव पाडा,
आणि मला खाटकाचं दुकान दिसायचं.
अवयव म्हणजे नुसतं मांडून पाहणं,
हे कळलं चाळिशीत, फडावर.
साठ पुडे आले की मैनी खूश:
साठ म्हणजे लग्नातली पंगत,
दोनात बसवा, तिनात बसवा, चारात, पाचात, सहात,
बारात बसवा, वाढणाऱ्याला अडचण नाही.

शुक्रवारी सत्त्याण्णव.
शंभर व्हायचे होते, तीन नाल्यात पडले.
दोनानं लावले, एक उरला.
तिनानं, एक उरला.
चारानं? "जे दोनात नाही बसलं,
ते चारात कसं बसंल जी?"
पाचानं, दोन.
सातानं तेरा-तेराच्या ओळी, आणि बाजूला सहा,
वरात निघून गेल्यावर राहिलेल्या पाहुण्यांसारखे.
मग ती हात झटकून उठली.
म्हटलं, थांब, अकरा राहिले.
"अकरा अकरे एकशे एकवीस.
तेवढे पुडेच नाहीत आपल्याजवळ.
अकरा ओळी पुऱ्या भरल्या असत्या
तर एकेका ओळीत अकराहून कमीच आले असते.
अन् अकराच्या खालचं सारं पाहून झालं."

तरी मी लावले अकरानं,
ती बोडीवर पाणी प्यायला गेल्यावर, चोरून.
नऊ उरले.
तेरानं लावले. सहा.
सातानं उरलेले तेच सहा,
बाकीच्या मांडणीनं नुसती कूस बदललेली.

शेवटी सत्त्याण्णव पुडे एकाच ओळीत ठेवले,
मोहाच्या बुंध्यापासून बोडीच्या पाळीपर्यंत.
माणसं वळसा घालून जाऊ लागली.
गंमत बघा, पुडे कशातच बसत नाहीत,
पण आतली पानं बसतात:
सत्तरची पट, सहा हजार सातशे नव्वद,
दहात बसा म्हटलं तर मुकाट बसतील.

डेपोचे साहेब मोटरसायकलवरून आले.
"ही एवढी लांब ओळ का?"
मूळसंख्या आहे साहेब.
त्यांनी घड्याळ पाहिलं. "फुटके किती?"
शून्य, म्हणालो.
"शून्याले तर सारेच भागतात,"
मैनी मागून पुटपुटली.

रात्री कंदिलाजवळ बसून
सात हंगामांचे फुटके मिळवले.
बेरीज हजाराच्या आतली,
म्हणजे एकतिसापर्यंत पाहिलं की पुरे.
दोनानं नाही. तिनानं नाही.
पाचाशी नैतामांचं अंगण आठवलं,
साताशी शेवंता मडावीच्या हातांवरच्या चिरा.
अकराशी पेन्सिलीचं टोक मोडलं.