रिकाम्या खाचेत दहा मीटर

डब्यात सहा खाचा होत्या, पाट्या तीनच :
ऐंशी, चाळीस, वीस मीटर.
उरलेल्या तिन्हींत सात वर्षं धूळ
आणि एकदा पालीची अंडी.

पॉलिटेक्निकच्या लॅबमधून मार्चात सुटले,
मेमध्ये सीताबर्डीहून आणले
दोन रिले, एक क्रिस्टल,
लोखंडाच्या भुकटीची चार पिवळी कडी,
चिमटीत धरली तर दिसेनाशी होणारी.

वरच्या बँडचं असं असतं,
जितकं चढावं तितकी तार कमी लागते.
ऐंशीला चाळीस वेढे घातले होते, डोळे फुटेस्तोवर.
इथे नुसते नऊ.
नऊ म्हणजे काय, चहा उकळेपर्यंत झाले.

पाटी खोचली. काही नाही.
काटा मेल्यासारखा पडून.
पुन्हा डाख दिला, रिलेवर टिचकी मारून पाहिली.
शेजारचा चेतन हेडाऊ दारात उभा :
"काकू, तयार सेट घेऊन टाका ना जी,
कायले डोक्शाले ताप?"

तांडापेठेत आमच्या घरी माग होता.
बाबा करवतकाठी लुगडी विणायचे,
फणीत ओवताना सूत आतून मोजायचे.
फटीतून गेलं तेवढंच धरायचं,
बाहेर लोंबतं ते नाही.

मी कड्याच्या बाहेरून मोजले होते.
आतून मोजले.
दहा.

एक वेढा सोडवला, नखाने वार्निश खरवडलं.
काटा उठला. जेमतेम दीड वॉट,
पण उठला.

संध्याकाळी गच्चीवरची अँटेना जोडली
तर कानात नुसती घरघर :
गल्लीतल्या साऱ्या कूलरांचे पंप,
ई-रिक्षांचे चार्जर,
कोणाकडचं तरी लुकलुकणारं झुंबर,
शेहेचाळीस अंशांचं अख्खं नागपूर
हेडफोनात कोंबलेलं.

आणि लाइट गेली.
"गेली बे!" गल्लीभर एकच ओरडा,
खाटा दाराशी, पोरांची रडारड, वीजवाल्यांचा उद्धार.
माझा सेट बॅटरीवर.
घरघर खाली बसली,
तांदूळ धुतल्यावर कणी बसते तशी,
आणि वरच्या नितळात
सुताच्या टोकाएवढं बारीक
कोणीतरी मोर्समध्ये हाक मारत होतं.
कोणालाही. जो ऐकेल त्याला.

व्ही के सिक्स. पर्थकडचा.

कीवर बोट ठेवलं, घामाने घसरलं.
आपलं नाव धाडलं, पुन्हा धाडलं.
तिकडून आलं :
व्ही यू, आणि पुढे प्रश्नचिन्ह.
समुद्रापलीकडे कोणीतरी
माझं उरलेलं नाव विचारत होतं.

तेवढ्यात लाइट आली.
कूलर भरारले, गल्ली हसली.
मी हेडफोन दाबून धरला दोन्ही हातांनी,
त्याचं काय जायचं होतं,
तो बुडालाच.

"काकू, आली ना जी लाइट!"
चेतन ओरडला फाटकातून.
"हाव," म्हटलं,
"वापस कधी जाते,
काही सांगतलं का त्याहीनं?"