फेडरच्या खाली

अळंबी वाळवायच्या यंत्रात आज रीळ ठेवलंय,
चोपन्न अंशांवर, आठ तास.
जुनी टेप ओल धरते, चिकट होते,
तशीच वाजवायला घेतली तर
अंगावरची गाणी खरवडून निघतात.
म्हणून आधी भाजायची, मंद.

गंमत म्हणजे तो स्टुडिओही पूर्वी बेकरीच होता.
ताम्पेरे, जानेवारी शहाऐंशी.
हीटर तापला की भिंतींतून राईच्या पावाचा वास सुटे
आणि तूरेचं पोट माईकमध्ये गुरगुरे.

तूरे गायचा कॅलिफोर्नियातल्या वाळवंटी हमरस्त्यांबद्दल. इंग्रजीत.
त्याच्याकडे लायसन नव्हतं.
बर्फातून सायकल ढकलत यायचा
आणि आल्या आल्या केसांवर अर्धा डबा स्प्रे मारायचा.
इथे कोण बघतंय तुला, मी विचारलं.
आवाज बघतो, म्हणाला.

रायमो कागद गिरणीतली रात्रपाळी संपवून थेट ड्रमवर.
त्याचा स्नेअर आम्ही जिन्यात मांडला,
माईक तिसऱ्या मजल्यावरून सोडला.
श्रीमती नूर्मेला नेमक्या तेव्हाच कचरा टाकायला उतरल्या.
त्यांच्या सपाता दुसऱ्या कडव्यात आहेत,
कान दिलात तर.

मी टेप ऑपरेटर. वय एकोणीस. कॉफी, ब्लेड, चिकटपट्टी.
शेवटच्या गाण्यात वेइक्को
चार मिनिटं बेतानं वाजवत राहिला, बसवल्यासारखं.
मग कुणी थांब म्हणालं नाही म्हणून पुढे गेला,
आणि सव्वापाचच्या आसपास कुठेतरी
त्याला ते सापडलं.
काय, ते मला अजून सांगता येत नाही.

लेन्नार्टनं चार मिनिटं दहा सेकंदांवर फेडर खाली ओढला.
रेडिओ याच्यापुढे ऐकत नाही, म्हणाला.

तबकडी तिथे विरते.
ऐकणाऱ्याला वाटतं, बँड लांब निघून गेला, त्याच हमरस्त्यानं.
कुठला जातोय!
तिथेच होते सगळे, घामेजलेले, पायांत नुसते मोजे.

जुन्या बाजारात आता दोन युरोला मिळतो तो अल्बम.
वर वीज, आणि कोंबडीसारखा दिसणारा गरुड.

रायमो ऑक्टोबरात गेला.
त्याच्या मुलीचा फोन आला:
बाबांचं बोलणं आहे का कुठे? वाजवणं नको. बोलणं.

आहे.
सहा चाळीसला तार तुटते, वेइक्को शिवी हासडतो,
काठ्या खाली ठेवल्याचा आवाज येतो, मग रायमो:
"माझी बस गेली का रे?"

कुणी उत्तर दिलं होतं की नाही, आठवत नाही.
यंत्र घुमतंय. अजून तीन तास.