नव्वद दिवसांपेक्षा जुन्या फाइली

डिस्क सत्त्याण्णव टक्के भरली.
शाहूपुरीत पतसंस्थेच्या मुख्य कचेरीत
जिन्याखालची ही खोली,
पूर्वी इथं गुळाचे रवे रचायचे म्हणे.
अजून उन्हाळ्यात मुंग्या येतात
सर्व्हरच्या पायाशी, हिंडून परत जातात.

काळा पडदा. कर्सर.
मी एक ओळ लिहिते:
गारगोटी शाखेला शंभर हाका मार, उत्तरं फाइलीत उतरव.
शंभरातल्या सहा हरवल्या.
फाइलीला नाव देते: गारगोटी, तारीख, वेळ.
उद्या कंपनीचा माणूस म्हणेल,
"मॅडम, आमच्याकडनं लाइन ओके हाय,"
तेव्हा त्याच्या पुढ्यात ठेवायला.
भांडणातले साक्षीदार, दुसरं काय.

पण साक्षीदार फार झाले.
नव्वद दिवसांपेक्षा जुन्या सगळ्या शोध,
पुसू नकोस, आधी नुसती यादी दाखव.
ही सवय दस्तगीर मुल्लाणींची.
"पोरी, इथं कचऱ्याची टोपली नसती.
गेलं म्हंजे गेलं."
आता निवृत्त. कळंब्याला शेळ्या पाळतात.

यादी सरकते. नावं ठेवायची त्यांची तऱ्हा:
गडहिंग्लज_उंदराने_वायर_खाल्ली
कागल_पुन्हा_तेच
मलकापूर_काही_नाही_नुसता_त्रास
आणि मधेच
चिखली_रात्र

उघडते.
पुराच्या सालची. दर दहा सेकंदांनी एक हाक,
आणि ओ किती मिलिसेकंदांत आली त्याची नोंद.
अकरा. अकरा. बारा. अकरा.
खाली खाली तेच, शाळेच्या हजेरीसारखं.
एक चाळीसला अठ्ठेचाळीस.
मग दोनशे सहा.
मग परत अकरा, पाच-सात मिनिटं,
अगदी स्वच्छ.
दोन वाजता ओ नाही.
ओ नाही.
ओ नाही.
सकाळी सातपर्यंत.
अठराशे हाका.

फोन लावला.
"तो होय! सर्जेराव शिपाई. राउटर डोक्यावर,
बॅटरी काखेत, टेबलावर उभा हुता गडी.
मला म्हणाला, सायेब, लाइन बघा आली का."
आणि माणूस?
"आला की नावेतनं. दूध माझ्याकडनंच नेतोय आता,
पैसं बुडवतोय."
मी विचारलं, दोनला कळलं होतं ना तुम्हाला?
मग सातपर्यंत का चालू ठेवलं?
पलीकडे शेळी ओरडली.
ते बोलेपर्यंत किती वेळ गेला, मी मोजला नाही.
"कंट्रोल सी दाबायचं म्हंजे…"
एवढंच. मग म्हणाले, चारा टाकायचाय.

फाइलीचा आकार दीडशे केबी.
लग्नातल्या एका फोटोइतकीही नाही.
ती वेगळ्या फोल्डरात हलवली,
हक्क बदलले: वाचता येईल, बदलता येणार नाही.
मग बाकीच्यांवर ती ओळ चालवली.
उंदीर गेला, कागल गेलं, नुसता त्रासही गेला.
डिस्क एकसष्ट टक्के.

गारगोटीची अजून रड आहेच.
पुन्हा शंभर हाका.
या वेळी सात.