चटयांचा कर

मुझेय्येनबाईंना दरवर्षी कुणीतरी विचारतंच.
यंदा ओर्चुननं विचारलं, शेवटच्या बाकावरून,
च्युइंगगम गालात सारून:
"मेलेल्या सुलतानांच्या तारखा पाठ करून
आम्हाला नोकरी कोण देणार?"

बाई रागावल्या नाहीत.
खडू ठेवला, बोटं स्कर्टला पुसली.
"तू राहतोस कुठं?"
"गुलकेंट. नवे टॉवर. पाचवा मजला, बाई,
लिफ्टमध्ये आरसा आहे."
"गुलकेंट म्हणजे?"
"गुलाबांचं शहर."
"एखादा गुलाब पाहिलास तिथं?"
वर्ग हसला. ओर्चुनही.

मग त्यांनी पिशवीतून एक झेरॉक्स काढली,
जुन्या लिपीतली, उजवीकडून डावीकडे चालणारी.
त्या वर्गात ती कुणालाच वाचता येत नव्हती.
त्यांच्याच खापरपणजोबांच्या कबरींवर ती होती
आणि ही पोरं त्या दगडांना टेकून
चोरून सिगारेटी ओढत.

करवसुलीची वही. कुणा कारकुनाचं किरटं अक्षर,
शाई वाचवत लिहिलेलं, कंटाळून लिहिलेलं.
आपण इतिहास लिहितोय
असं त्या बापड्याला एकदाही वाटलं नसणार;
हिशेब जुळवून त्याला जेवायला जायचं होतं.

बाई बोट ठेवत वाचत गेल्या.
वरचं गाव: गहू, नव्वद पोती.
टेकडीपलीकडचं: सातू, मध, अकरा मेंढ्या.
आणि कामिश्ली:
गहू नाही.
सातू नाही.
लव्हाळ्याच्या चटया, एकशे चाळीस.
रानबदकं, साठ जोड्या.
शेऱ्यात: हिवतापानं माणसं घटली, दोन वर्षं सूट द्यावी.

"आता सांगा," बाई म्हणाल्या,
"जे गाव कर म्हणून चटया देतं
तिथं पायाखाली काय असतं?"

पंखा तेवढा कुरकुरत राहिला.
मग खिडकीजवळची शेयमा, स्वतःशीच बोलल्यासारखी:
"चिखल."

"आणि कामिश्ली आता कुठं आहे?"
कुणाला ठाऊक नव्हतं. नकाशावर ते नावच नाही.
बाईंनी ओर्चुनकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या.
बिल्डरनं पहिल्यांदा बुजवलं ते नाव.
मुरुमाचे ट्रक नंतर आले.

रात्री जेवताना ओर्चुननं घरी सांगितलं.
हिकमेत, त्याचे वडील, अजून सतरा वर्षांचे हप्ते बाकी,
पाव मोडत म्हणाले,
"बाईंना विचार, बदकांवर परीक्षेत किती मार्क आहेत."

आईनं मसुरीचं सूप वाढता वाढता
डाव तसाच हवेत धरला.
तिचं माहेर पूर्वेकडच्या एका शहरात.
तिथं तिच्या दोन बहिणींच्या कबरी आहेत,
दोन्ही दगडांवर तारीख एकच.
ती तारीख या घरात कुणाला पाठ करावी लागत नाही.

"त्या इमारतीलाही," ती म्हणाली,
"लिफ्टमध्ये आरसा होता."

सूप निवलं. टीव्हीवर कुणीतरी गोल केला.
वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली
आणि तिघांनीही एकदम छताकडे पाहिलं.

सोमवारी हिकमेत अर्धी रजा टाकून पालिकेत गेले.
खिडकीवरच्या मुलीनं दोनदा विचारलं, काय हवंय म्हणून.
माती तपासणीचा अहवाल?
नऊ मजले, छत्तीस बिऱ्हाडं,
आजवर कुणी मागितला नव्हता.
असेल बहुतेक. नसेलही. अर्ज करा.

त्यांनी अर्ज लिहिला, उभ्याउभ्या, भिंतीला कागद लावून.
पत्त्यापाशी जरा थांबले.
गुलकेंट लिहिलं, मग शेजारी, बारीक अक्षरात,
कालच मुलाकडून ऐकलेलं नाव.

"तारीख राहिली," मुलगी म्हणाली.
पेन उमटेना.
त्यांनी ती दोनदा गिरवली.